सांगा, आणखी कुठे बुजवलंत

चहाचं भांडं मी शेगडीवरून उतरवत होते, तेवढ्यात न्हाणीचं दार माझ्यासमोरून उडत गेलं आणि मागीलदारच्या पोफळीवर आपटलं. आवाज आधी आला की नंतर, ते मला आजही सांगता येत नाही. चिऱ्यांची भिंत परसात पसरली होती. वाफ एवढी की पोफळ दिसेना. मी तुम्हाला हाक मारली. नाव घेऊन मारली. उभ्या संसारात कधी घेतलं नव्हतं. तुम्ही ओ दिली नाहीत.

वाडीतल्या मंडळाने तुमच्याबद्दल चार ओळी मागितल्या आहेत. जन्म कुठला, होड्या किती बांधल्या, स्वभाव कसा मनमिळाऊ, ते सगळं त्यांनीच लिहावं. त्यांना हौस आहे. मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि तेही कौतुकाने नाही. मी अजून घाबरलेली आहे, म्हणून बोलते.

त्या सकाळी न्हाणीतला गिझर घुमत होता. मी म्हटलं, "अहो, तुमचा तो पिंप आज पेज रटरटल्यासारखा वाजतोय."

तुम्ही पडवीत दात घासत होतात. "बघतो," म्हणालात. चूळ भरलीत आणि निघालात. मीही मागून निघाले, कारण तुम्ही काही बघायला गेलात की तुम्हाला पक्कड नाहीतर फडकं द्यायला कोणीतरी लागतंच. तुम्ही वळलातसुद्धा नाही. हात तेवढा मागे केलात आणि म्हणालात, "तू तिथेच थांब." मला राग आला. मी शेगडीकडे परत फिरले.

तुम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं. नेऊन उपयोग नव्हता, पण नेतात. मला घरीच बसवलं. मग पोलीस आले, त्यांच्याबरोबर एक वायरमन आला. त्याने परसातल्या चिऱ्यांमधून अंगठ्याएवढा पितळेचा तुकडा उचलला आणि माझ्यासमोर धरला. त्या तुकड्याच्या तोंडात राखाडी मसाला भरलेला होता, गळती बुजवायला दोन कांड्या मळून करतात तो. सुकून दगड झालेला. वरून गुळगुळीत, कडा बोटाने सारख्या केलेल्या. ते बोट मी ओळखलं.

"हे कोणी बुजवलं, आजी?"

"मालकांनी."

"ठिबकत होतं म्हणून?"

"मग काय हौस म्हणून?"

"ते ठिबकायलाच पाहिजे," तो म्हणाला. "पाणी तापलं की फुगतं. वाढलेलं पाणी इथून जातं. आणि आतलं बटण बिघडून तापणं थांबलंच नाही, तर वाफेला जायला ही एकच वाट ठेवलेली असते."

मी मान हलवली. शब्द कानात गेले, पुढे कुठेच गेले नाहीत. तुमची चप्पल न्हाणीच्या पायरीशी होती. एक सरळ, एक पालथी. मी ती पालथी सरळ करून ठेवली.

ह्या ठिबकण्यावरून आपलं किती वाजलं होतं. कुंदाने आणि जावयांनी गिझर बसवून दिला, आणि पहिल्याच आठवड्यात तुम्हाला ते दिसलं. पाणी तापलं की त्या पितळी तोंडातून एकेक थेंब पडायचा. मी खाली बादली ठेवली. संध्याकाळी जमलेलं पाणी जास्वंदीला घातलं. माझ्यापुरता विषय संपला होता.

तुमचा संपेना. तुम्ही जेवताना कान देऊन बसायचात. "ऐकतेस? अजून पडतोय."

"पडू दे. जास्वंद फुलतेय त्याच्यावर."

"होडीत पाणी शिरलं तर आम्ही बादली घेऊन बसत नाही. फट शोधतो."

"हे घर आहे. होडी नाही."

"घरसुद्धा पाण्यावरच चालतं गो," तुम्ही म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी मी बाजारातून येईपर्यंत तोंड बुजवून मोकळे झालात. वर मला दाखवायला नेलंत. "आता पड म्हणावं."

सारं आयुष्य फळ्यांच्या फटीत कापूस आणि राळ ठोसण्यात गेलेला माणूस. थेंब दिसला की तुमचा हात आपोआप तिथे जायचा. शिवाय मे महिन्यात आपल्या विहिरीचा तळ दिसतो. थेंब वाया गेलेला इथे कुणालाच बघवत नाही. पण होडीत पाणी बाहेरून आत यायला बघतं, आणि ह्या पिंपातलं आतून बाहेर यायला बघत होतं. एवढाच फरक होता. तो तुम्हाला दिसला नाही. मलाही दिसला नव्हता. मी बादली ठेवली ती जास्वंदीसाठी, शहाणपणाने नव्हे. आपल्या भांडणात मी बरोबर निघाले. त्याचं काय करू ते सांगा.

दुपारी तुम्हाला आणलं आणि लगेच नेलं. पुरुष सगळे तुमच्याबरोबर गेले. बायका माझ्याभोवती पडवीत बसल्या. कुंदा माझा हात धरून होती. ती आणि जावई सकाळीच सावर्ड्याहून आले होते. त्यांच्या चिमीला विहीणबाईंजवळ ठेवलं होतं, एवढ्या लहान पोरीला हे दाखवायचं नाही म्हणून. थंडीचे दिवस, वारा खाडीवरून येत होता. कोणी रडत होतं, कोणी माझ्या पाठीवरून हात फिरवत होतं. मला ते नको होतं.

मग शेजारची शालू उठली. "मी जरा घरी जाऊन बघून येते," ती म्हणाली. "माणसं स्मशानातून येतील ती कुडकुडत येतील. आंघोळ केल्याशिवाय कुठे शिवता येत नाही. मी आमचा गिझर लावूनच आले होते."

तेव्हा वायरमनचे शब्द माझ्या डोक्यात पोचले.

शालूचा गिझर तुम्ही बुजवला होता. मला माहीत होतं, कारण त्या दिवशी तुम्ही तिच्याकडून पडवळ घेऊन आला होतात. आणि फक्त शालूचा नव्हे. गेल्या पावसापासून तुम्हाला तो नादच लागला होता. कुणाकडे गिझर ठिबकतो म्हणून कळलं की मसाल्याच्या कांड्या खिशात घालून निघालात. पैसे घ्यायचे नाहीत. कोणी काही हातात ठेवलं तर तेवढं आणायचं. आणि आता वाडीतली सगळी माणसं तुम्हाला पोचवायला गेली होती. ती परत येणार होती, आणि एकजात सगळी न्हाणीत शिरणार होती. तुमच्यामुळे.

आयुष्यात मी खूपदा घाबरले. तुम्हाला आणणारी होडी उशिरा यायची तेव्हा, कुंदाच्या बाळंतपणात. पण ती भीती छातीत असायची. ही पायात आली. पाय कापायला लागले आणि त्याच पायांनी मी उठले.

"कुठे निघालीस गो?" दोघीतिघींनी धरलं. "बस. आज असं उठायचं नसतं."

"शालू," मी म्हटलं, "न्हाणीत जायचं नाही. बाहेरचा मेन स्विच पाड. कुणालाही आत सोडू नको."

"काय झालं, काकू?"

"यांनी तुझ्याकडेही तेच करून ठेवलंय."

शालू आमच्या परसातल्या भुईसपाट न्हाणीकडे बघत राहिली. मग धावली. मी पदर खोचला आणि वाट धरली. कुंदा मागून, "आई, अगं आई," करत. पडवीतून एक आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "नवरा अजून जळतोय आणि ही निघाली दारोदार. डोक्यावर परिणाम झाला बिचारीच्या." कुणाचा आवाज तेही मला माहीत आहे. तिच्याकडे गिझर नाही, म्हणून नाव सांगत नाही.

तुम्ही काही लिहून ठेवणारे नव्हेत. मला घरं आठवली ती तुम्ही आणलेल्या जिनसांवरून. पडवळ शालूचं. सुकट आणलीत ती बाबल्याकडची, मासळीच्या लिलावाला उभा राहतो तो. फणसपोळ्या मास्तरांकडच्या.

बाबल्याच्या घरी त्याची सून होती. मी मेन पाड म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता मेन स्विच खाली ओढला. पाणी तापतच होतं. शहाणी मुलगी. घाबरलेलं माणूस तिला ओळखता येतं.

मास्तरांच्या घरी वेळ लागला. त्यांच्या बायकोने मला अंगणातच थांबवलं. दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावून उभी राहिली.

"अहो, सुतकात कुठे आलात? आत नका येऊ. घरात देव आहेत."

"मी नाही येत आत. तुम्ही जा. मेन स्विच पाडा आणि न्हाणीकडे फिरकू नका."

"पाणी तापतंय. हे येतील आता स्मशानातून."

"तेच सांगतेय. ते आंघोळीला शिरले तर उद्या मला तुमच्याकडे भेटायला यावं लागेल. तेव्हा मात्र आत घ्याल."

ती एकदम पांढरी पडली आणि आत गेली. ती माझ्याशी अजून बोलत नाही. न बोलू दे. मास्तर रोज हाक मारून जातात.

परत येताना वाटेत माणसं भेटली. पुढे जावई, मागे सगळे, ओले पाय, खाली माना. मला वाटेत बघून ते थबकले. बाबल्या म्हणाला, "वैनी, तुम्ही इथे?" मी एकेकाकडे बघत विचारलं, "यांनी तुझ्याकडे काही बुजवलं होतं का? तुझ्याकडे?" तुमची राख अजून गरम होती आणि मी तुमच्या कामाचा हिशेब विचारत होते. कोणी हसलं नाही. एकाने सांगितलं, माझ्याकडे फ्लशची टाकी केली होती. दुसऱ्याने सांगितलं, नुसता नळ. मी म्हटलं, "नळ चालेल. गार पाण्याचं चालेल. तापणारं काही आहे का?" नव्हतं. मला वाटलं, संपलं.

घरी येऊन मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. फळीवर लोणच्याची बरणी दिसली. लिंबाचं लोणचं, निळ्या झाकणाची बरणी. गणपतीनंतर तुम्ही ती आणली होतीत. आपण त्यातलं अर्धं खाल्लंसुद्धा. पण कुणाकडची ते काही आठवेना. मी बरणी हातात घेतली आणि वाडीतलं एकेक घर डोळ्यांसमोर आणलं. असं लोणचं इथे कोणीच घालत नाही. सांगा ना, मी तुम्हाला मोठ्याने विचारलं. आणखी कुठे बुजवलंत? तोंड उघडा आता.

कुंदा दारात उभी होती. "कुणाशी बोलतेस?"

"ही बरणी कुणाकडची?"

"अगं, आमच्या सासूबाईंची. बाबा सावर्ड्याला आले होते ना, तुझे गुडघे धरले होते म्हणून तू आली नव्हतीस, तेव्हा. जाताना सासूबाईंनी..." ती बोलायची थांबली. तिच्या तोंडावर काय आलं ते मी बघितलं. "सासूबाई म्हणाल्या होत्या, तुझे बाबा किती कामाचे, आल्या आल्या गिझरची गळती..."

तिने फोन काढला.

तुम्हाला स्मशानात नेल्याचं विहीणबाईंना दुपारीच कळवलं होतं. म्हणजे त्याही आंघोळ करणार, आणि चिमीलाही घालणार. फोन वाजत राहिला. कुंदाने पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. जावयांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि त्यांच्या शेजारच्या दुकानदाराला लावला. "आधी आमच्या घरी धाव," ते म्हणाले. "फोन स्पीकरवर चालूच ठेव. धाव."

आम्ही तिघं स्वयंपाकघरात उभे. समोर न्हाणीची भिंत उरली नव्हती, त्यामुळे परस सरळ दिसत होता, आणि पोफळीवर दार आपटल्याची खूण. स्पीकरवर लावलेल्या फोनमधून त्या माणसाचा श्वास आणि चपलांचा आवाज येत होता. मी तुम्हाला शिव्या दिल्या. मनातल्या मनात नाही. कुंदा ऐकत होती, जावई ऐकत होते. माणूस जाऊन दिवस मावळला नव्हता. जे तोंडाला आलं ते म्हटलं. ते मी मागे घेत नाही.

मग दार वाजवल्याचा आवाज. मग विहीणबाईंचा आवाज, लांबून. "कोण मेलं आता दार तोडतंय? आंघोळ करतेय मी. सुतकाची."

जावई फोनमध्ये ओरडले, "आई, बाहेर ये. आहेस तशी बाहेर ये."

"मी गार पाणी घेतेय डोक्यावरून. सुतकाला कढत पाणी घेतात का कधी?"

"गिझर चालू आहे का?"

"पोरीला नको का कढत पाणी? मघाच लावलाय. कधीचा घुमतोय मेला."

घुमतोय, हा शब्द ऐकला. मी जमिनीवर बसले. जावयांचं ओरडणं ऐकलं, त्या दुकानदाराचं ऐकलं, काहीतरी पडलं, भांडं असावं. मग काहीच ऐकू येईना. कुंदा माझ्या खांद्यात नखं रुतवून उभी होती. वळ राहिले होते.

"मेन पाडला," दुकानदार म्हणाला. "आजी बाहेर आल्यात. ओल्या लुगड्यात आहेत, मला बोलताहेत."

"पोरगी?" कुंदाने विचारलं.

"पोरगी पायरीवर बसलीय. विचारतेय, आंघोळ नाही का आज."

नंतर तिथल्या वायरमनने त्या गिझरचं कवच काढून बघितलं. आतली टाकी एका बाजूने पोटासारखी फुगली होती. किती वेळ टिकली असती, कोणी सांगत नाही. मी विचारतही नाही.

आता घरात गिझर नाही. न्हाणीची भिंत नव्याने उभी केली. पाणी परसात चुलीवर तापतं, उघड्या पातेल्यात, वाफ जाऊ दे कुठे जायची तिकडे. पण माझी भीती गेलेली नाही. पूर्वी ठिबकणं ऐकून तुमचा जीव जायचा, आता ठिबकणं थांबलं की माझा जातो. शालूच्या गिझरला नवं पितळी तोंड बसवलंय. सकाळी ती पाणी तापवते तेव्हा मी तिच्या न्हाणीबाहेर जाऊन उभी राहते. "पडतोय का गो?" विचारते. ती आतून सांगते, "पडतोय काकू, टप टप पडतोय, जा आता चहा घ्या." मग मी घरी येते.

जो भेटेल त्याला सांगते. तापणाऱ्या टाकीचं ठिबकणारं तोंड बुजवू नका, त्याला बूच मारू नका, चिंधी बांधू नका. खाली बादली ठेवा. फारच गळायला लागलं तर जाणता माणूस बोलवा. टाकी घुमायला लागली तर आत जाऊन बघू नका, बाहेरून वीज तोडा. लोक ऐकून घेतात. म्हातारीचं डोकं फिरलंय असं म्हणत असतील तरी बादली ठेवतात. तेवढं मला पुरे.

तुमच्याबद्दल वाईटच लिहिलं असं कुंदा म्हणेल. तर एक लिहिते. मी लग्न होऊन आले तेव्हा खालच्या विहिरीवरून चढाने पाणी आणावं लागायचं, डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी. तुम्ही दाभोळला होड्या बांधायच्या कामावर होतात. सुट्टीला आलात की डोंगरातल्या झऱ्यापासून पाइप जोडत बसायचात, दर वेळी थोडा थोडा, आणि एक दिवस मागीलदारी नळ आला. वाडीतला पहिला. मी हात धरला आणि पाणी आपणहून हातावर आलं. तुम्ही माझ्याकडे बघत उभे होतात. मी म्हटलं, "गढूळ आहे." तुम्ही म्हणालात, "निवळेल." निवळलं. त्या दिवशीपासून माझ्या डोक्यावर हंडा चढला नाही. ते मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. तुम्हीही कधी विचारलं नाहीत.

आणि एक गोष्ट मला विचारायची राहिली. तुम्ही मला तिथेच थांब म्हणालात ते का? माझी कटकट नको म्हणून? की त्या आवाजात तुम्हाला काही कळलं होतं, आणि तरी तुम्ही आत गेलात? मी दोन्ही प्रकारे विचार करून बघते. एका प्रकारे तुमचा राग येतो, दुसऱ्या प्रकारे फार भीती वाटते. तुम्ही सांगायला नाही, त्यामुळे दोन्ही माझ्याकडेच राहणार.

शालूच्या घरचे आहेत. बाबल्याच्या घरचे आहेत. मास्तर आणि त्यांची बायको आहेत. सावर्ड्याला विहीणबाई आहेत, चिमी आहे. तुम्ही थांब म्हणालात म्हणून मी थांबले, मी आहे.